विमानाचे माइल्स: पिकण्याआधी वटवा

मागच्या वर्षी आई-अण्णा अमेरिकेला गेले, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला. परत आल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "मंग त्या माइल्सची पावती कुठं भेटते?" यावल तालुक्यात केळीची बाग असलेला माणूस. कटती झाली की वजनाची चिठ्ठी हातात पाहिजे, बाकी सगळं नंतर. माइल्स म्हणजे प्रवासाबद्दल विमान कंपनी तुमच्या खात्यात टाकते ते पॉइंट्स, पुरेसे जमले की त्यांच्यावर तिकीट निघतं. त्यांची पावती नसते हे अण्णांना अजून पटलेलं नाही.

पण माइल्स म्हणजे काय, हे त्यांना एका मिनिटात समजलं, ते मी केळीवरून सांगितलं म्हणून. घड बागेत उभा आहे तोवर भावाची वाट बघता येते. कापला की दिवस मोजायचे. माइल्सचंही तसंच आहे. खात्यात पडले की बहुतेक ठिकाणी घड्याळ सुरू. त्यावर व्याज मिळत नाही. कंपनी एका रात्रीत भाव पाडू शकते, काल 30,000 माइल्सना मिळणारी सीट उद्या 40,000ला, आणि विचारायला जागा नाही. म्हणून आधी गिऱ्हाईक ठरवा, मग माल काढा. कुठे जायचं, किती जणांनी, साधारण कोणत्या महिन्यात, एवढं कागदावर लिहिल्याशिवाय माइल्स जमवायला घेऊ नका.

पायरी 1: खातं कोणत्या कंपनीत उघडायचं

सगळीकडे खाती उघडून ठेवणं फुकट आहे, पण उपयोगाचं नाही. पाच ठिकाणी चार-चार हजार माइल्स म्हणजे कुठलंच तिकीट नाही. एक मुख्य खातं ठेवा, फार तर दोन.

विमान कंपन्यांचे तीन मोठे गट आहेत. स्टार अलायन्समध्ये एअर इंडिया (11 जुलै 2014 पासून), सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्थान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, टर्किश, थाई. वनवर्ल्डमध्ये कतार एअरवेज, ब्रिटिश एअरवेज, कॅथे पॅसिफिक, जपान एअरलाइन्स, मलेशिया. स्कायटीममध्ये एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच गटात नाहीत, इंडिगोही नाही. गटाचा फायदा असा की लुफ्थान्साने उडून माइल्स एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात आणि एअर इंडियाचे पॉइंट्स वापरून लुफ्थान्सात बसता येतं. एका प्रवासाचे माइल्स मात्र एकाच खात्यात, दोन्हीकडे हात मारता येत नाही.

आपल्याकडची गिऱ्हाइकं ढोबळमानाने तीन. पोरं अमेरिकेत, पोरं जर्मनीत, किंवा घरातलं कोणी दुबई-दोहाला नोकरीला. पहिल्या दोघांनी स्टार अलायन्सपासून सुरुवात करावी. दुबईवाल्यांनी एमिरेट्सचं माइल्स-खातं, स्कायवर्ड्स, बघावं. तिथे घरातल्या आठ जणांपर्यंतचे माइल्स एका कुटुंब-खात्यात गोळा होतात, आणि चार जणांच्या कुटुंबाला हेच सगळ्यात मोठं सुख आहे.

मुदत बघूनच खातं निवडा. सिंगापूर एअरलाइन्सच्या खात्याचे, म्हणजे क्रिसफ्लायरचे, माइल्स 36 महिन्यांनी जातात. स्कायवर्ड्सचे तीन वर्षांनी, तुमच्या जन्ममहिन्याच्या शेवटी. युनायटेडचे जातच नाहीत. कतार आणि ब्रिटिश एअरवेज यांचं चलन एकच आहे, त्याला एव्हिऑस म्हणतात. त्यात सलग 36 महिने काहीच जमा-खर्च झाला नाही तर शिल्लक जाते. थोडी हालचाल ठेवली की राहते.

कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर? दोन्ही आपण पाहिलंय. 17 एप्रिल 2019ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. लोकांच्या खात्यात माइल्स शिल्लक होते, बसायला जेटचं विमान नव्हतं. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा मात्र पॉइंट्स एअर इंडियाच्या खात्यात आले. म्हणजे नशीब. नशिबावर जास्त शिल्लक ठेवायची नाही.

पायरी 2: नाव. इथेच आमचं चुकलं

आपल्या मराठी पासपोर्टांवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुतेक वेळा दोन नावं असतात: स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं. आईच्या पासपोर्टवर तिचं नाव, पुढे अण्णांचं नाव, मग आडनाव. खातं उघडताना मी नुसतं आईचं नाव आणि आडनाव टाकलं. घरात तिला तिहेरी नावाने कोण हाक मारतं? तिकीट पासपोर्टप्रमाणे निघालं, खातं वेगळ्या नावाचं राहिलं, आणि विमान कंपनीच्या संगणकाला ती दोन वेगळ्या बायका वाटली. जाण्याचे माइल्स जमाच झाले नाहीत.

अण्णांच्या खात्यातही मी तीच चूक केली होती. मागाहून दावा करता येतो, पण बोर्डिंग पास आणि तिकीट क्रमांक मागतात. अण्णांनी त्यांचा पास घडी घालून खिशातल्या डायरीत ठेवलेला, जिथे खताच्या पावत्या असतात तिथेच. त्यांचे माइल्स पत्रव्यवहार करून दीड-दोन महिन्यांनी आले. आईने तिच्या पासच्या मागे बहिणीच्या दाराचा कोड लिहून घेतला होता, मग तो कागद कुठे गेला कोण जाणे. तिचे गेले ते गेलेच.

तेव्हा:

- खात्यातलं नाव पासपोर्टवरच्या अक्षरांशी जुळवा, मधल्या नावासकट. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधी पासपोर्ट, मग खातं.
- तिकीट एजंटाकडून काढत असाल तरी सदस्य क्रमांक त्याला द्या आणि तिकिटाच्या प्रतीवर तो आलाय का ते डोळ्यांनी बघा. खातं उघडून द्यायला मात्र त्याला सांगू नका. तो स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकून मोकळा होतो, आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातो.
- बोर्डिंग पासचा फोटो काढा, माइल्स जमा होईपर्यंत पुसू नका.

पायरी 3: उडून किती मिळतात

जितके मैल तितके माइल्स, ही गोष्ट जुनी झाली. आता बऱ्याच कंपन्या तिकिटाच्या रकमेवर देतात. एअर इंडियानेही 2024 मध्ये तीच पद्धत घेतली. भागीदार कंपनीने उडालात तर तिकिटाच्या बुकिंग क्लासवर ठरतं. तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं, वाय, के, टी असं काहीतरी. सगळे एकाच इकॉनॉमीत गुडघे मोडून बसलेले, पण शेजारच्याला पूर्ण माइल्स आणि तुम्हाला पाव, किंवा शून्य. सगळ्यात स्वस्त तिकिटावर बहुधा शून्याच्या जवळ. काढण्याआधी तुमच्या खात्याच्या साइटवर त्या अक्षराचा तक्ता बघा. माइल्ससाठी तिकिटाला चार हजार जास्त मोजायचे, हा धंदा मात्र करू नका.

पायरी 4: न उडता, म्हणजे क्रेडिट कार्डावर

भारतात बहुतेकांचे माइल्स विमानात नाही, किराणा दुकानात जमतात. बँकेच्या कार्डावर पॉइंट्स मिळतात, ते विमान कंपनीच्या खात्यात पाठवायचे. ऐकायला गोड आहे, पण एकदा गणित मांडा.

समजा कार्ड शंभर रुपयांना 2 माइल्स देतं आणि तुमचा कार्डावरचा खर्च महिन्याला 25,000 आहे. महिन्याचे 500, वर्षाचे 6,000. कार्डाची वार्षिक फी 5,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900. थोडक्यात तुम्ही माइल जवळजवळ रुपयाला एक या दराने विकत घेतलात, आणि 30,000 व्हायला पाच वर्षं. तीन वर्षांची मुदत असेल तर तोवर पहिल्या वर्षाचे पिकून गळाले. म्हणून नेहमीचा किराणा हा पाया नाही. खरा हात देतो तो नवं कार्ड घेतल्यावर मिळणारा सुरुवातीचा बोनस, आणि घरात येणारा एखादा मोठा खर्च: लग्नाचा हॉल, फर्निचर, पोराच्या कॉलेजची फी. कार्ड घ्यायचंच तर अशा खर्चाच्या महिनाभर आधी घ्या.

"एवढं सोनं घेतो आपण, तेच कार्डावर टाकू," असं प्रत्येक जळगावकराच्या मनात येतं. माझ्याही आलं. दिवाळीआधी सराफाकडे बसले, बांगड्या वजनाला लागल्या, मी कार्ड पुढे केलं. त्याने नम्रपणे सांगितलं, "ताई, कार्डाला दोन टक्के वर पडतील." शंभराला दोन रुपये देऊन दोन माइल्स! त्यातही अनेक कार्डांनी सोनं-दागिने पॉइंट्समधून वगळलेलेच असतात. तीच गत पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं आणि सरकारी भरणा यांची. कार्डाच्या अटींत 'वगळलेले खर्च' अशी यादी असते. आधी ती वाचा, जाहिरात नंतर.

आणखी दोन खड्डे. बिल थकलं तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. 30,000 वर एका महिन्याचे हजाराच्या वर रुपये गेले, आणि मिळाले होते 600 माइल्स. बिल दर महिन्याला पूर्ण भरण्याची सवय नसेल तर हा लेख इथेच सोडून द्या, खरंच. दुसरा खड्डा परदेशात. बऱ्याच कार्डांवर परकी चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो, म्हणजे लाखामागे 4,130 रुपये.

पायरी 5: आधी सीट, मग बदली

हा क्रम उलटा करू नका. बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत. काही ठिकाणी ते क्षणात पोचतात, काही ठिकाणी काही दिवस लागतात. म्हणून:

आधी विमान कंपनीच्या साइटवर लॉगिन करून माइल्सवाली सीट आहे का ते शोधा. प्रत्येक विमानात अशा सीटा मोजक्याच असतात. साधारण 11 महिने ते वर्षभर आधी खुल्या होतात, आणि काही अगदी शेवटच्या दिवसांत, रिकाम्या राहिल्या तर. मे महिना, दिवाळी आणि नाताळ यांचा नाद सोडलेला बरा. फेब्रुवारी, ऑगस्ट-सप्टेंबर बघा. मुंबईवरूनच अडून बसू नका, दिल्ली-अहमदाबादही टाकून बघा. नंदुरबारवाल्यांना तसंही अहमदाबाद अवघड नाही. चार सीटा एकत्र मिळत नसतील तर दोन-दोन करून शोधा.

मग हिशेब. रोखीच्या तिकिटातून माइल्सवाल्या तिकिटाचे कर वजा करा, उरलेल्याला माइल्सनी भागा. उदाहरण घ्या: रोखीने 58,000, किंवा 30,000 माइल्स आणि वर 16,000 कर. 58,000 मधून 16,000 गेले, उरले 42,000, भागिले 30,000. एका माइलला 1.40 रुपये आले. वटवा. तीच सीट फेब्रुवारीत रोखीने 34,000 ला मिळत असेल तर माइलला 60 पैसेच येतात. तेव्हा पैसे भरा, माइल्स ठेवा. माझी रेघ रुपयाला आहे. त्याखाली मी माइल्स वटवत नाही.

माइल्सचं तिकीट 'फुकट' नसतं ते या करांमुळे. त्यात विमानतळाचे आणि सरकारचे कर तर असतातच, पण काही कंपन्या इंधन अधिभार नावाने मोठी रक्कम चढवतात. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन नावाच्या माइल्स-खात्यात तो नसतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या स्वतःच्या विमानांवर क्रिसफ्लायरमध्येही नसतो. ब्रिटिश एअरवेजवर चांगलाच असतो, आणि लंडनहून निघणाऱ्या तिकिटावर तिथला प्रवासी करही लागतो. म्हणून लंडनहून परतीचं तिकीट माइल्सवर काढताना शेवटचा आकडा बघितल्याशिवाय बटण दाबू नका.

सीट मिळाली, हिशेब जमला, की त्याच बसणीला बँकेतून पाठवा. लागतील तेवढेच, शेकड्यात वर. जास्तीचे बँकेतच बरे, तिथून दुसऱ्या कंपनीकडे जायची वाट तरी राहते.

पायरी 6: तिकीट हातात आल्यावर

रद्द करायची फी किती आणि माइल्स परत येतात का, ते तिकीट काढतानाच बघून ठेवा. आई-वडिलांच्या प्रवासात तब्येत हा मोठा प्रश्न असतो. मधल्या विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही आधीच तपासा. माइल्सवर सीट शोधताना वाट वाकडी होते आणि नको त्या देशातून जावं लागतं. सामानाची मर्यादा तिकिटावर वाचा, अंदाजाने भरू नका. आईने बिबड्या, कुरडया आणि कळण्याचं पीठ मिळून एक अख्खी बॅग केली होती, आणि ती विमानतळावर उघडून अर्धी रिकामी करणं हे दृश्य मला पुन्हा बघायचं नाही.

कोणी "माइल्स विकत घेतो, रोख देतो" म्हणाला तर लांब राहा. विकणं सगळ्याच कंपन्यांच्या नियमांविरुद्ध आहे, आणि पकडलं तर खातंच बंद होतं, काढलेलं तिकीटही रद्द.

आणि शेवटचं, आपल्या भागापुरतं. माइल्सचं तिकीट मुंबईहून सुरू होतं. जळगाव-भुसावळहून तिथवर पोचणं ही तुमची जबाबदारी. पावसाळ्यात कसाऱ्याला गाडी अडकली आणि विमान चुकलं तर कंपनी हात वर करते, आणि माइल्सवाली दुसरी सीट त्या आठवड्यात मिळत नाही. आदल्या रात्रीच्या गाडीवर विसंबू नका, त्याच्याही आदल्या रात्रीची धरा.