नवा कॅमेरा घेण्याआधी बर्डीवर एक संध्याकाळ

फोटो बिघडला की पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो. पन्नास-साठ हजार मोजण्याआधी तो संशय तपासून घ्या. हातातला कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स (फोकल लेन्थ १८ ते ५५ मिलिमीटर; आकडा मोठा तसं दृश्य जवळ) एवढं पुरतं.

सकाळी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जा. ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/८ (आकडा लहान तसं भोक मोठं), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता १००. बाहेरून घुमट फ्रेमभर घ्या. पांढरा घुमट मळकट राखाडी येईल. कॅमेरा बिघडलेला नाही. समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं आहे असं धरूनच कॅमेऱ्यातलं प्रकाशाचं मीटर मोजतं, म्हणून पांढरं दिसलं की प्रकाश कापतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) +१ करा, मग +१.३, +१.७. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेजवळ जाईल, पण कडेला चिकटणार नाही, तिथे थांबा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणाऱ्या काळ्या मारबतीच्या पुतळ्याचं गणित उलटं. पुतळ्याने फ्रेम भरली तर काळ्याचा करडा होतो, तिथे −१. पण मिरवणुकीत खालून फोटो घेताना मागे पांढुरकं आभाळ येतं, मीटर त्यालाच भुलतं आणि मारबतीचा चेहरा नुसता काळा गोळा होतो. तेव्हा +१ किंवा स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्याएवढ्या भागाचा प्रकाश मोजणं). लाखाचा कॅमेराही इथे असाच फसू शकतो.

आता संध्याकाळी बर्डी, म्हणजे नागपूरचा सीताबर्डी बाजार. लेन्स ५५वर, शटर १/३० सेकंद, गर्दीचे वीस-पंचवीस फोटो घ्या आणि घरी पूर्ण मोठे करून पाहा. दुकानाची पाटी आणि माणूस दोन्ही पुसट असतील, तर हात हलला. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात फोकल लेन्थला साधारण १.५ने गुणायचं: ५५ गुणिले १.५, म्हणजे शटर साधारण १/८०. त्याहून हळू शटर हातात धरून भरवशाचं नाही (लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरण्याची सोय, असेल तर थोडी सूट मिळते). पाटी धारदार आणि चालणारा माणूस पुसट असेल, तर माणूस हलला. त्याला स्टॅबिलायझेशन काहीच करू शकत नाही, शटर १/२५० लागतं. मागची पाटी धारदार, पुढचा उभा चेहरा मऊ? फोकस चुकला. एकच फोकस पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा. डोळा ओळखणारा नवा ऑटोफोकस ही शेवटची चूक खरंच कमी करतो, हे मान्य करायला हवं.

हे सगळं जमल्यावर आयएसओ ६४००वर जाऊन फोटोत रवा (बारीक दाणे) दिसायला लागला, की मर्यादा सामानाची. तरीही नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) नको, आधी ५० एमएम एफ/१.८ घ्या. ५५वर एफ/५.६च उघडणाऱ्या लेन्सपेक्षा ती सुमारे दहापट प्रकाश आत घेते, म्हणजे ६४००चं काम ६४०वर भागतं. फक्त एक मीटरवरून फोकसची जाडी, म्हणजे धारदार दिसणारा पट्टा, जेमतेम तीन सेंटीमीटर उरते: डोळा धारदार, कान गेला.

पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या वाघापुढे मात्र कौशल्याचा उपदेश करू नये. ५५चा फोटो कापून ३००एवढा जवळ आणला, तर २४ मेगापिक्सेलपैकी एकही पुरता उरत नाही. तिथे लांब लेन्सच हवी. तीसुद्धा मे महिन्यात ऊन चढल्यावर हात टेकते. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचा प्राणी पाण्यातून पाहिल्यासारखा येतो. ओळखायचं असं: ट्रायपॉडवरून, वेगवान शटरने सलग दहा फोटो घ्या. प्रत्येकात कडा वेगळ्या वाकलेल्या असतील तर दोष हवेचा. पहाटे जा, नाहीतर जवळ जा.

पावसाळ्यात एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं. कॅमेरा बंद झिपच्या पिशवीत ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. पुसत बसू नका, पुन्हा धरतं.

एवढं करूनही लेन्स घ्यायचीच असेल, तर वर्षभरातले आवडते पन्नास फोटो निवडून प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेन्थ पाहा. बहुतेक ५५वर अडलेले असतील तर लांब लेन्स, १८वर असतील तर रुंद; दोन दिवस भाड्याने आणून खात्री करा. आकडे मध्येच विखुरलेले असतील तर पैसे तसेच ठेवा आणि पेंचच्या दोन सफारी जास्त करा.