वेलीला हात लावण्याआधी : बंगल्याच्या बागेसाठी तयारीची यादी

कोयता, घमेले आणि माळी नंतर. आधी कागद-पेन घेऊन बागेला एक सावकाश फेरी मारा. कुठली वेल कुठून निघते, कशावर चढली आहे, कुठे कुठे जमिनीला टेकून तिने नवीन मुळे धरली आहेत, हे लिहून काढा. घरच्या बागेतली माजलेली वेल काढताना मेहनतीची माती होते ती बहुतेक इथेच. हिरवे दिसले की ओढायला सुरुवात होते, संध्याकाळपर्यंत कंपाउंडची भिंत मोकळी होते आणि पावसाच्या दोन-तीन सरी पडल्या की तीच वेल आधीपेक्षा दाट उभी राहते. या वेली कापल्याने मरत नाहीत, पुष्कळदा तुकड्यांतूनच वाढतात. प्रत्येकीचा जीव वेगळ्या जागी असतो. तो कुठे आहे ते कळल्याशिवाय हत्यारांची यादी करता येत नाही आणि कामाचा दिवसही ठरवता येत नाही.

नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोड, कुठल्याही जुन्या बंगल्याच्या आवारात पहिली भेटते ती गुलाबी घोसांची आइस्क्रीम क्रीपर, म्हणजे अँटिगोनॉन. मूळची मेक्सिकोची. फाटकावर शोभेला म्हणून लावलेली असते, आणि दिसते सुंदर यात वाद नाही. मधमाश्यांनाही ती फार आवडते. पण तिचा जीव जमिनीखालच्या कंदांत असतो. वरचा सगळा पसारा काढला तरी कंद शिल्लक राहिला की ती पुन्हा येते, आणि खोदताना कंदाचे तुकडे झाले तर एका जागी चार जागा होतात. तिचे बी पाण्यावर तरंगते, त्यामुळे आवाराला लागून नाला असेल तर तुमची वेल खालच्या आळीतही जाते. यादीत तिच्यापुढे ‘खणायचे’ असे ठळक लिहा.

दुसरी अमरवेल. पिवळसर दोऱ्यांचे जाळे, ना पान, ना जमिनीत मूळ. ही परकी नाही, आपलीच आहे, पण दुरांटाच्या कुंपणावर किंवा बोगनवेलीवर एकदा बसली की त्या झाडाचा रस पिऊन त्याला पार वाळवते. इथे खणण्यासारखे काही नसते, पण ओढलेत तर संपलेच. बोटभर दोरा शेजारच्या फांदीवर पडला तर तिथे तो नव्याने चिकटतो. तिच्यापुढे ‘फांदीसकट छाटायचे, खाली चादर अंथरून’ असे लिहा. फुले दिसायच्या आधीच हे उरका. तिचे बी मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते, आणि एकदा बी पडले की हे काम पुढच्या वर्षांवर जाते.

बाकीच्या लवकर ओळखू येतात. पंज्यासारख्या पानांची, जांभळट फुलांची रेल्वे क्रीपर जमिनीवर सरपटत प्रत्येक पेऱ्याला मुळे सोडते, म्हणून ती टोकाकडून नव्हे तर पेर-पेर सोडवत गोळा करायची. आंब्यावर चढून सुपाएवढी पाने काढलेला मनी प्लांट खोडावर हवाई मुळे रोवून बसतो. बुडाशी कापला तरी पावसाळी हवेत वरचा भाग बरेच दिवस तग धरतो, म्हणून त्याचे काम भर उन्हाळ्यात. त्याचा चीक अंगाला खाजतो, तेव्हा उघड्या हातांनी नको.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. गुळवेल काढू नका. दरवर्षी कुणाच्या तरी बागेत ‘सगळ्या वेली साफ करा’ असे माळीदादांना सांगितले जाते आणि कडुनिंबावरची वर्षानुवर्षांची गुळवेल पहिल्याच तासात जाते. तिचे पानही हृदयाच्या आकाराचे असल्यामुळे घोटाळा होतो. फरक असा की अँटिगोनॉनच्या फुलांच्या तुऱ्याच्या टोकाला ताणे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे बारीक दोरे असतात, गुळवेलीला ताणे नसतातच, ती वेढे घेत चढते. गुळवेलीच्या खोडावर पातळ पापुद्रा आणि बारीक पुटकुळ्या असतात, वरून दोऱ्यासारखी मुळे लोंबतात, आणि खोड आडवे कापले तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. जी ठेवायची त्या प्रत्येक वेलीला लाल कापडाची चिंधी बांधा. काम करणारा माणूस बदलला तरी चिंधी बोलते.

दिवस कुठला धरायचा? आपल्याकडची काळी माती मे महिन्यात दगडासारखी होते, भेगा पडतात आणि पहार मारली तर कंद मध्येच तुटतो. उलट झोडपून पाऊस झाल्यावर तीच माती पायाला किलोकिलोने चिकटते आणि कंद चिखलात हरवतो. म्हणून कंद खणायचा तो वाफसा आल्यावर. पाऊस होऊन एक-दोन दिवस उघडीप मिळाली आणि मूठभर माती दाबून सोडल्यावर ती सुटी झाली की त्या सकाळी काम धरा. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, बंगल्यातल्या माणसाला सांगावे लागते. जूनच्या सुरुवातीला सामान जमवून ठेवले तर अशी सकाळ हातची जात नाही. मात्र वेलीचा वरचा भाग त्याआधीच, एप्रिल-मेमध्ये कापून ठेवता येतो. जमिनीलगत एक काप आणि कमरेइतक्या उंचीवर दुसरा, मधला तुकडा काढून टाकायचा. वरचे जाळे झाडावरच वाळू द्यायचे. हिरवे असताना खेचले तर आंब्याची कोवळी पालवी, साल, कधी अख्खी फांदी सोबत येते.

त्याच दिवसांत घरटी तपासा. बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी अशा जाळीत घरटी करतात आणि उन्हाळा हा त्यांचा विणीचा काळ असतो. दोन सकाळी लांब उभे राहून पाहिले तर पक्षी एकाच जागी ये-जा करताना दिसतो. घरटे असेल तर तेवढा भाग पिल्ले उडेपर्यंत सोडा.

शेजाऱ्यांशी बोलणे हीसुद्धा तयारीच आहे. कंद भिंतीच्या पलीकडे गेलेले असतील तर तुमचा सगळा घाम वाया. काकांना किंवा काकूंना आधी सांगा, शक्य असेल तर दोन्ही आवारांतले काम एकाच आठवड्यात करा. वेल कापायला कुणाची परवानगी लागत नाही, पण वेलीसोबत झाडाच्या फांद्या उतरवायच्या असतील तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालापासून आहे आणि झाड स्वतःच्या आवारातले असले तरी तो लागू होतो. महापालिकेच्या उद्यान विभागात आधी अर्ज द्या. वेल विजेच्या सर्व्हिस वायरवर गेली असेल तर तिला कोणीही हात लावायचा नाही, बांबूनेही नाही. महावितरणच्या तक्रार केंद्राला कळवून पुरवठा बंद करून घ्या, मगच पुढे.

सामान फार लागत नाही. द्राक्षाच्या छाटणीला वापरतात ती कात्री घ्या, ती नाशिकमध्ये कुठल्याही शेती-अवजारांच्या दुकानात चांगल्या प्रतीची मिळते. जाड खोडांसाठी छोटी करवत, कंदांसाठी पहार आणि हातखुरपे. कुदळ शेवटी, कारण कुदळीने तुकडे होतात. दोन जुन्या चादरी, जाड काळ्या पिशव्या, दोन घमेली. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामडी किंवा जाड रबरी हातमोजे, पायात गमबूट. गमबूट ऐच्छिक समजू नका. दाट वेलीखाली उंदीर असतात, उंदरांमागे साप येतात, आणि नाशिक परिसरात नाग, घोणस, मण्यार, फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. काम सुरू करण्याआधी लांब काठीने जाळी हलवा, थोडे थांबा, मग पुढे व्हा. न दिसणाऱ्या जागी हात घालायचा नाही. साप दिसला तर काम थांबवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दंश झालाच तर घरगुती उपाय न करता थेट जिल्हा रुग्णालय. त्र्यंबकच्या बाजूला, रानाला लागून घर असेल तर खाजकुयलीच्या शेंगांवरही नजर ठेवा. त्यांची कुसे वाऱ्यानेही उडतात, म्हणून शेंगा पाण्याने भिजवून मगच तोडा.

तणनाशक औषध फवारायचे का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझे मत घरच्या बागेत नको असेच आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आदेश काढून ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांमार्फतच वापरावे असे ठरवले. तेव्हा दुकानातून बाटली आणून स्वतः मारणे हा मार्ग तसाही योग्य नाही. टू-फोर-डी तर नाशिककरांनी दहा वेळा विचार करावा असे औषध आहे. द्राक्षवेल त्याला कमालीची नाजूक असते. वाऱ्याबरोबर गेलेल्या तुषारांनीही नवीन पाने आकसून पंख्यासारखी होतात, घड बिघडतात. मखमलाबाद, आडगाव, गिरणारे या बाजूला घर असेल आणि पलीकडे कुणाची बाग ऑक्टोबर छाटणीनंतर फुटत असेल, तर आपल्या कुंपणाच्या हौसेपायी त्याच्या वर्षभराच्या पिकाला धोका घालण्याचा हक्क आपल्याला नाही. मीठ, रॉकेल, अॅसिड यांचे घरगुती उपायही सोडून द्या. मिठाने काळी माती चोपण होते आणि मग तिथे हवे तेही उगवत नाही.

काढलेला माल कुठे जाणार हे आधी ठरले पाहिजे. ढीग दारात पडला की माळीदादा तो सवयीने भिंतीपलीकडे किंवा नाल्यात टाकतात, त्यांना कामाच्या आधीच स्पष्ट सांगा. नंदिनी, वाघाडी, वालदेवी या सगळ्या शेवटी गोदावरीलाच मिळतात, आणि पाणवेलींनी त्या नदीचे काय केले आहे ते आपण दरवर्षी पाहतो. नुसती पाने आणि वाळलेल्या काटक्या घंटागाडीत ओल्या कचऱ्यासोबत द्या किंवा घरच्या खड्ड्यात टाका. कंद, पेऱ्यांचे तुकडे, शेंगा, बी आणि अमरवेलीचे दोरे मात्र खतात कधीच नाहीत. ते काळ्या पिशवीत घट्ट बांधून गच्चीवर उन्हात ठेवा. पावसाळी दिवस असतील तर पत्र्याखाली कोरड्या जागी पसरून पूर्ण वाळेपर्यंत, कंद दाबल्यावर मऊ लागेनासा होईपर्यंत, थांबा. जाळू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर दंड लावला आहे, आणि तो धूर शेजारच्या आजीच्या दम्यालाच आधी लागतो. कुणी मैत्रीण ‘फुलं किती छान आहेत, एक फांदी दे ना’ म्हणाली तर प्रेमाने नाही म्हणा. आइस्क्रीम क्रीपर अशा फांद्यांतूनच कॉलनीभर गेली आहे.

मोकळ्या झालेल्या जागेचाही आधी विचार हवा. खणून झाल्यावर तिथे लगेच दुसरी वेल लावली तर नवा कोंब लावलेल्या वेलीचा की काढलेल्या वेलीचा हे कळत नाही. पहिले वर्ष त्या वाफ्यात मेथी, कोथिंबीर, पालक अशी सरळ ओळीत येणारी भाजी घ्या. ओळीबाहेरचे जे काही उगवेल ते उपटायचे. अमरवेल होती तिथे गवती चहा लावा, गवताच्या जातीवर ती सहसा बसत नाही. मधमाश्यांचे अन्न आपण काढून घेतले आहे हे लक्षात ठेवून तुळशीची चार-पाच रोपे उन्हात लावा, मंजिऱ्या आल्या की त्या येतात. जागा मोठी असेल आणि घाई नसेल तर पुढच्या एप्रिलमध्ये माती पाणी देऊन ओली करा, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी मातीत दाबून बसवा आणि दीड महिना तसेच ठेवा. नाशिकच्या उन्हात वरच्या थरातले बरेचसे बी त्यात मरते. काळे प्लास्टिक इथे तितके काम करत नाही, आणि खोल कंदांना या उपायाचा धक्काही लागत नाही, तेव्हा खणण्याला तो पर्याय नाही.

पहिला पावसाळा संपेपर्यंत दर पंधरवड्याला त्या कागदावरच्या प्रत्येक जागेला फेरी मारा. वीतभर कोंब दिसला की खुरप्याने खाली जाऊन त्याच्या कंदापर्यंत पोहोचा, नुसता खुडू नका. दिवाळीनंतर फेऱ्या महिन्याला एक केल्या तरी चालतात. पुढच्या पावसाळ्यात जुलैअखेरपर्यंत एकही कोंब आला नाही तर त्या भिंतीवर कुसर किंवा जाई लावा. रोप भिंतीपासून दोन फूट सोडून लावा, म्हणजे बुडाशी खुरपे फिरवायला जागा राहील.