कागदावर निकाली

अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांच्या कारभारावर संशोधन करायचंय, असं सांगणारे मेल मला अधूनमधून येतात. लिहिणारे बहुतेक पुण्या-मुंबईत एलएलबी करून इकडे एलएलएमला आलेले, काही पब्लिक पॉलिसीचे. ९४ जिल्हा न्यायालयं, १३ अपील न्यायालयं, खटल्याच्या सुरुवातीलाच वेळापत्रक आखून देणारा नियम १६, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. ते ठाऊक असूनही मी जिथे आपटले, तिथलं सांगते.

माझा प्रश्न सरळ होता. कोणत्या जिल्ह्यात दिवाणी दावे लवकर संपतात आणि तिथले न्यायाधीश काय वेगळं करतात? फेडरल ज्युडिशियल सेंटर, म्हणजे फेडरल कोर्टांचीच संशोधन संस्था, तिचा इंटिग्रेटेड डेटाबेस, म्हणजे आयडीबी, फुकट उतरवून घेता येतो. त्यात एकेका दाव्याची एकेक ओळ असते. १९८८ पासूनच्या दिवाणी दाव्यांची फाईल घेतली. निकाली निघाल्याच्या तारखेतून दाखल तारीख वजा केली, जिल्हावार सरासरी काढली. एका जिल्ह्यात सदोष मालामुळे झालेल्या इजेचे दावे दोन-अडीच महिन्यांत संपत होते. मला वाटलं, घबाड सापडलं. आठ महिने त्या जिल्ह्याचे स्थानिक नियम वाचले, तिथल्या ‘कार्यक्षमते’वर चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं. मार्गदर्शकांनी वाचून ‘छान’ म्हटलं.

माझे बाबा साताऱ्याकडे दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होते. व्हिडिओ कॉलवर त्यांना कौतुकाने सांगायला गेले, तर म्हणाले, “दोन महिन्यांत? मग साक्षीपुरावा कधी झाला? अगं, वर्ग झाले असतील ते दावे.” मी हसले. “बाबा, इथे तसं नसतं,” मी म्हणाले.

इथे अगदी तसंच असतं.

आता नीट वाचा. अमेरिकेत १९६८ पासून एमडीएलची, म्हणजे ‘मल्टिडिस्ट्रिक्ट लिटिगेशन’ची सोय आहे. एकाच औषधाविरुद्ध किंवा एकाच यंत्राविरुद्ध देशभर दावे पडले, की सात न्यायाधीशांचं एक पॅनेल ते खटल्यापूर्वीच्या कामासाठी एकाच न्यायाधीशाकडे वर्ग करतं. मूळ कोर्ट आपल्या बाजूने दावा बंद करतं आणि निकालीच्या रकान्यात कोड १० पडतो. ज्या कोर्टाकडे तो जातो तिथे त्याला नवा क्रमांक मिळतो आणि उगमाच्या रकान्यात ६. म्हणजे माणूस एक, त्याचं दुखणं एक, पण आयडीबीत ओळी दोन. पहिली ओळ आखूड, कारण तिथे फक्त टपाल पुढे पाठवलंय. दुसरी लांबलचक, कारण खरं काम तिथे चाललंय. मी पहिल्या कोर्टाला शाबासकी देत होते आणि दुसऱ्याला सुस्त ठरवत होते.

लष्करी इअरप्लगचे दावे आठवून बघा. थ्री-एम कंपनीविरुद्धचे अडीच लाखांहून जास्त दावे फ्लोरिडाच्या उत्तर जिल्ह्यात पेन्साकोलाला एका न्यायाधीशांपुढे जमले. त्या जिल्ह्याचे त्या वर्षांतले आकडे बाकी देशाशेजारी ठेवून सरासरी काढणं म्हणजे पंढरपूरची लोकसंख्या आषाढीला मोजणं.

आणि फक्त १० नाही. ० म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात पाठवला, १ म्हणजे राज्याच्या कोर्टात परत धाडला, १८ म्हणजे नुसता हिशेबापुरता बंद. हा अठरा सगळ्यात लबाड. दावा कशाची तरी वाट बघत पडलेला असतो, हिशेबाच्या वहीत मात्र मिटलेला. आपल्याकडे ‘निकाली’ आणि ‘निकाल लागला’ यांत फरक आहे हे कोर्टातल्या शिपायालाही कळतं. मी दोन पदव्या घेऊन विसरले होते.

तेव्हा सरासरी काढण्याआधी निकालीच्या कोडांचा तक्ता काढा. जिल्हावार, वर्षवार. मग त्यातले पन्नास दावे चिठ्ठ्या टाकून उचला आणि त्यांची डॉकेट, म्हणजे दाव्यात काय काय दाखल झालं त्याच्या तारीखवार नोंदी, स्वतः वाचा. पेसरवर, म्हणजे फेडरल कोर्टांची कागदपत्रं ऑनलाइन मिळतात तिथे, पानाला १० सेंट पडतात, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ. पण शोधाच्या यादीला ती ३ डॉलरची मर्यादा लागत नाही. एका रात्री बेफिकीर शोध मारत बसले आणि महिन्याचा किराणा गेला. संशोधकांना शुल्कमाफी मागता येते, अर्ज आधी करा.

रिकाम्या रकान्यात -८ असतो, तोही सरासरीत मिसळू नका. हो, तेही केलंय मी.

हे वाचून घाबरला असाल तर थांबा. आयडीबी वाईट नाही. एवढं सगळं फुकट ठेवणारी व्यवस्था आपल्या नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडच्या कितीतरी आधीची आहे. फक्त ते कोर्टाच्या हिशेबासाठी तयार झालंय, तुमच्या प्रबंधासाठी नाही. दाव्याचा प्रकार वादीचा वकील जेएस-४४ या फॉर्मवर खूण करून ठरवतो, खूण एकच करायची असते. मग नोकरीतला भेदभाव ४४२ मध्ये (नागरी हक्क, नोकरी) जातो की ४४० मध्ये (इतर नागरी हक्क), हे वकिलाच्या मर्जीवर.

आणखी एक गोष्ट, तुम्ही सुधारणांवर लिहिणार असाल तर. १९९० च्या सिव्हिल जस्टिस रिफॉर्म अ‍ॅक्टने सहा महिन्यांहून जास्त तुंबलेल्या अर्जांची यादी न्यायाधीशांच्या नावासकट प्रसिद्ध होऊ लागली. मोजणीचे दिवस ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर. त्या तारखांच्या तोंडावर निकालांचा ढीग पडतो, हे अभ्यासकांनी दाखवलंय. आपल्या सरकारी कचेऱ्यांतला मार्चअखेर आठवा. त्याच कायद्याची परीक्षा रँड या संशोधन संस्थेने १० प्रायोगिक आणि १० तुलनेच्या जिल्ह्यांत घेतली. १९९६ चा अहवाल सांगतो की न्यायाधीशाने लवकर लक्ष घातलं तर दावा लवकर संपतो, पण वकिलांचे तास वाढतात. वेळ वाचला म्हणजे पैसा वाचला, हे गृहीत धरून प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी हा अहवाल उशाशी ठेवावा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. ‘सिनियरने साफ करून ठेवलेली फाईल’ घेऊ नका. त्याने कोणते कोड गाळले हे त्यालाही आठवत नसतं. मार्गदर्शक निवडताना मोठं नाव बघू नका, शेवटचं डॉकेट कधी उघडलं ते विचारा. माझं प्रकरण खरं सावरलं ते एका क्लर्क ऑफिसमधून निवृत्त झालेल्या बाईंनी. त्या स्वतः वर्षानुवर्षं हे कोड भरत आल्या होत्या. कॉफी पिता पिता त्यांनी जे सांगितलं, ते दोन सेमिस्टरमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. अशी माणसं बोलायला तयार असतात, आपणच विचारत नाही.

नोकरीचं कडू सत्य: फेडरल न्यायव्यवस्थेतल्या पगारी जागांना नागरिकत्वाच्या अटी आहेत, विद्यार्थी व्हिसावर तिकडे डोळे लावून बसू नका. विद्यापीठं, संशोधन संस्था, कायदेविषयक डेटाच्या कंपन्या, दारं आहेत. मला एक उशिरा का होईना उघडलं.

ते चाळीस पानांचं प्रकरण अकरा पानांचं झालं. माझा ‘वेगवान’ जिल्हा मधोमध कुठेतरी जाऊन बसला. बाबांना सांगितलं तर त्यांनी “हं” एवढंच म्हटलं आणि चहा मागवला.

मला मेल करणार असाल तर प्रस्ताव नंतर पाठवा, आधी तो कोडांचा तक्ता पाठवा. मी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे: यातले वर्ग झालेले किती?