स्थानिकता आणि कार्यकारणभाव: बेलची कसोटी वहीवर कशी उतरवावी

एकमेकांपासून दूर गेलेल्या दोन कणांमधील क्वांटम संबंध समजून घेताना उपमेपासून सुरुवात करू नये. अथणीच्या चपलांच्या जोडातील एक पाय खानापूरला व दुसरा निपाणीला पाठवला, तर इकडे डावा निघताच तिकडचा उजवा असणार हे कळते. पण तो कोणता हे पाठवतानाच ठरलेले असते. उत्तर असे आधीच ठरलेले असू शकते का, हे तपासण्याची रीत भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवली.

एक विद्यार्थी खानापूरला आणि एक निपाणीला बसवावा. दोघांनी एकाच वेळी नाणे उडवून लगेच ० किंवा १ लिहावे. दोन्हीकडे छापा पडल्यास उत्तरे वेगळी, एरवी सारखी आली, तर डाव जिंकला. आधी हवे तेवढे ठरवून घ्यावे. नाणे उडाल्यावर मात्र संपर्क नाही. स्थानिकतेची अट ती हीच.

पुढची पायरी घाईने उरकू नये. खानापूरची उत्तरे काट्याला क, छाप्याला ख; निपाणीची तशीच ग आणि घ माना. नाण्यांच्या चार जोड्यांपैकी जिथे निदान एक काटा आहे, त्या पहिल्या तीन अटींनुसार क=ग, क=घ, ख=ग; म्हणजे ख आणि घ सारखेच, आणि दोन्ही छाप्यांच्या चौथ्या अटीला तर ते वेगळे हवेत. म्हणून चारपैकी तीनच अटी जमतात, आणि जिंकण्याचे प्रमाण ७५ टक्क्यांपुढे जात नाही.

आता दोघांना गुंतलेल्या, म्हणजे आपसांत क्वांटम संबंध असलेल्या, फोटॉनजोडीतील एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण) द्यावा. खानापूरच्या ध्रुवकाचा (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच पार सोडणाऱ्या गाळणीचा) कोन काट्याला ०, छाप्याला ४५ अंश. निपाणीचा काट्याला २२.५, छाप्याला उणे २२.५ अंश. फोटॉन पार गेल्यास १, अडल्यास ० लिहावे. क्वांटम सिद्धांतानुसार जिंकण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्के येते. माणसाच्या हातून मात्र हे साधणार नाही, कारण ही सुमारे ८५ किलोमीटरची सरळ वाट प्रकाश एका सेकंदाच्या साधारण साडेतीन हजाराव्या भागात कापतो आणि उत्तर त्याआधी नोंदवावे लागते. नेदरलँड्समधील डेल्फ्टमध्ये २०१५ साली, १.३ किलोमीटर अंतरावरील हिऱ्यांतील इलेक्ट्रॉन वापरून, यंत्रांनी हे साधले आणि ७५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली.

यात कार्यकारणभाव मोडत नाही ना, हे पाहण्यासाठी निपाणीची वही एकटीच उघडावी. खानापूरला छापा पडो वा काटा, तिच्यात ० आणि १ निम्मेनिम्मेच दिसतात. त्यामुळे या मार्गाने निरोप पाठवता येत नाही. संबंध दिसतो तो दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावरच, आणि त्यासाठी एक वही नेहमीच्या रस्त्यानेच आणावी लागते.