मिनेसोटातली बेगमी

चिपळूणजवळच्या आमच्या घरी मृग लागायच्या आधी आजीची धांदल उडालेली असायची. आमसुलं बरणीत, कुळथाचं पीठ डब्यात, आंबोशी कडक वाळलेली, फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात, सुकट-बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात. एकदा पाऊस लागला की नदीला पाणी चढणार, बाजार धड भरणार नाही, हे सगळे धरूनच चालायचे. मी २००१ च्या जानेवारीत मिनीॲपोलिसला आले तेव्हा बॅगेत मसाले होते, लोणची होती, पण बेगमीची सवय मागे राहिली होती. ती परत लावून घ्यायला मला दोन हिवाळे लागले. गेल्या काही महिन्यांत ईडन प्रेरी, प्लिमथ, वुडबरी या बाजूला राहायला आलेल्या तुम्हा मंडळींना तेवढा वेळ लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

इथली थंडी कोकणातल्या पावसासारखी धरा. ती येणार हे नक्की, आणि आली की दोन-तीन दिवस घराबाहेर पाय टाकता येणार नाही. १९९१ च्या हॅलोविनला सुरू झालेलं वादळ जुने लोक अजून सांगतात. त्यात मिनीॲपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांवर २८ इंचांहून जास्त बर्फ पडला होता. मी स्वतः पाहिलं ते डिसेंबर २०१० चं. १७ इंच बर्फ पडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मेट्रोडोम स्टेडियमचं छत त्या भाराने फाटून खाली आलं. ३० जानेवारी २०१९ ला पारा उणे २८ फॅरनहाइटवर होता, म्हणजे जवळजवळ उणे ३३ सेल्सिअस, आणि त्या दिवशी टपालसुद्धा वाटलं गेलं नाही. अशा दिवशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी बाहेर काढू नये.

नवीन आलेल्या घरांत मला एक गोष्ट नेहमी दिसते. फ्रीझर गच्च भरलेला असतो आणि तरी शनिवारी गाडी इंडियन स्टोअरकडे निघते. खवलेल्या नारळाची तिसरी पिशवी येते, पराठ्यांचं चौथं पाकीट येतं, आणि खाली मेथीच्या दोन पिशव्या बर्फाखाली गाडलेल्या राहतात. आजी जेवढं भरायची तेवढं क्रमाने काढायचीही. श्रावणात काय उघडायचं, गणपतीपर्यंत काय पुरवायचं, हे तिला पाठ होतं. भरणं सगळ्यांना जमतं. काढून शिजवणं शिकावं लागतं, आणि मला तुम्हाला तेच सांगायचं आहे.

महिन्यातला एक आठवडा ठरवा. त्या आठवड्यात दुकानातून फक्त दूध, दही, कांदे आणि फार तर एखादं फळ. बाकी सगळं घरात आहे त्यातून. आदल्या दिवशी फ्रीझर पूर्ण रिकामा करून सगळं ओट्यावर मांडा, एका कागदावर यादी करा आणि तो कागद दारावर चिकटवा. एखादी वस्तू वापरली की खोडा. मोबाइलवर केलेली यादी कोणी उघडून बघत नाही. दारावरचा कागद येता-जाता दिसतो.

पिशवीवर नाव लिहिल्याशिवाय काहीही आत ठेवू नका. गोठल्यावर आमटी, पुरण आणि भोपळ्याची भाजी एकाच रंगाची दिसतात. नाव, किती माणसांपुरतं, आणि तारीख. तारखेत महिना अक्षरांत लिहा. इथे महिना आधी लिहितात, त्यामुळे ३/७ म्हणजे ३ जुलै की ७ मार्च यावर आमच्या घरात खरोखर वाद झालेला आहे.

आता त्या आठवड्यात काय शिजवायचं. आमच्याकडे पहिला दिवस मटकीचा. हिवाळ्यात इथल्या घरांत ६८ फॅरनहाइटच्या आसपास तापमान असतं, त्यात मोड येता येत नाहीत. भिजवलेली मटकी फडक्यात बांधून बंद ओव्हनमध्ये फक्त आतला दिवा लावून ठेवा, दीड दिवसात छान मोड येतात. एकदम एक किलोची काढते, ताटात पसरून गोठवते आणि मग पिशवीत भरते, म्हणजे गोळा होत नाही. उसळ करताना वितळवायची गरज नाही. फोडणीत कांदा परतला की गोठलेली मटकी तशीच टाका, गोडा मसाला, आमसूल, गूळ, आणि वरून गोठलेलाच नारळ मूठभर.

दुसऱ्या दिवशी टोमॅटोचं सार. इथे जानेवारीत मिळणारे ताजे टोमॅटो बेचव असतात. डब्यातले टोमॅटो पिकल्यावर काढून लगेच भरलेले, त्यामुळे सारासाठी तेच चांगले. २८ औंसांचा, म्हणजे साधारण ८०० ग्रॅमचा एक डबा मिक्सरमधून काढा, तेवढंच पाणी घालून उकळा. मीठ बेताने, कारण डब्यात बहुतेक वेळा आधीच असतं. साखर थोडी सढळ हाताने. गॅस अगदी मंद करून नारळाच्या दुधाचा अर्धा डबा घाला आणि उकळी येऊ देऊ नका, नाहीतर दूध फुटतं. वरून तूप, जिरं, मिरची, कढीपत्ता. उरलेलं नारळाचं दूध पत्र्याच्या डब्यात तसंच ठेवू नका. काचेच्या भांड्यात काढा आणि दुसऱ्या दिवशी सोलकढीला वापरा.

गोठवलेल्या भेंडीबद्दल सगळे तक्रार करतात. चूक ती वितळवण्यात असते. वितळली की पाणी सुटतं आणि तार धरते. पसरट कढई चांगली तापू द्या, तेल नेहमीपेक्षा चमचाभर जास्त, भेंडी गोठलेली असतानाच टाका, झाकण अजिबात नको. पाणी आटेपर्यंत सारखी ढवळू नका. आमसूल मध्येच, मीठ अगदी शेवटी. ताज्या भेंडीची सर येत नाही, पण भाकरीबरोबर चांगली लागते. फरसबी, मटार, मका यांनाही हाच नियम: गोठलेलं थेट गरम कढईत. पालकाचा ठोकळा मात्र डाळीत टाकणार असाल तर तसाच चालतो, भाजीला हवा असेल तर वितळवून पिळून घ्या.

आणि कुळीथ पिठलं. दमून घरी आलात, बाहेर चार वाजताच अंधारायला लागलंय, अशा दिवशी याच्यासारखं दुसरं काही नाही. ठेचलेल्या लसणाची खमंग फोडणी, पाणी, मीठ, दोन आमसुलं. उकळलं की पाण्यात कालवलेलं पीठ धारेने सोडायचं. पंधरा मिनिटांत होतं आणि ताजं असं काहीच लागत नाही. भात लावा, पापड भाजा.

अर्धकच्च्या भाजलेल्या पोळ्या मध्ये बटर पेपर घालून गोठवून ठेवा. हवं तेव्हा तव्यावर टाका, फुगतातसुद्धा. वरणाची डाळ फोडणी न देता शिजवून, घोटून, पिशवीत चपटी करून गोठवा. चपटी पिशवी पाण्यात ठेवली की दहा मिनिटांत सुटते. डब्यातला गोळा तासभर हलत नाही. फोडणी नेहमी ताजी द्या. फ्रीझरमध्ये हिंग-मोहरीचा वास मरतो आणि मग मुलं म्हणतात, शिळं आहे. ताजी फोडणी पडली की तीच डाळ आत्ता केल्यासारखी होते.

काही पदार्थांच्या नादी लागू नका. बटाट्याचा रस्सा गोठवला की बटाटा भुसभुशीत होतो, कढी फुटते, काकडीचं पाणी होतं. दाण्याचं कूट, सुकं खोबरं आणि तीळ मात्र जरूर फ्रीझरमध्ये ठेवा. महिनोन्‌महिने कपाटात राहिले तर खवट होतात, आणि इथे लोक ते महिनोन्‌महिने ठेवतात. नवीन आणलेलं पीठ, रवा, बेसन आधी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. त्यातली किड्यांची अंडी मरतात. एका पिशवीतून पतंग निघाले तर सगळं कपाट उपसावं लागतं.

डब्यावरच्या तारखेला घाबरून अन्न फेकू नका. अमेरिकेत लहान बाळांच्या फॉर्म्युल्याखेरीज कशावरही तारीख घालायची केंद्रीय सक्ती नाही. 'बेस्ट बाय' म्हणजे तोपर्यंत चव उत्तम राहील, असं कंपनी सांगते. तूरडाळ त्या दिवशी खराब होत नाही. जुनी डाळ शिजायला वेळ घेते, एवढंच. पण फुगलेला किंवा गळणारा डबा वास न घेता, चव न बघता टाकून द्या.

शिजवलेल्या अन्नाबाबत मी कडक आहे, तुम्हीही राहा. फ्रीझर शून्य फॅरनहाइटवर हवा, म्हणजे उणे १८ सेल्सिअस, आणि फ्रिज ४० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ सेल्सिअस, किंवा त्याखाली. दहा-बारा डॉलरचा थर्मामीटर आत ठेवा. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा किंवा गोठवा. भाताबद्दल तर विशेष: रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकायची आपली सवय इथे आणू नका. त्यात तयार झालेलं विष परत गरम केल्याने जात नाही. मासे, चिकन आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, सिंकमध्ये नाही. कोणी स्लो कुकर भेट दिला तर त्यात कच्चा राजमा टाकू नका. त्याची उष्णता राजम्यातला विषारी अंश मारायला पुरत नाही. आधी आपल्या प्रेशर कुकरला पूर्ण शिजवा.

गॅरेजमधल्या फ्रिजबद्दल आमच्या अनुभवावरून सांगते. जुना फ्रिज गॅरेजमध्ये हलवून आम्ही त्याचा फ्रीझर भरला होता. डिसेंबरात बाहेर सगळं गोठलेलं आणि आत पिशव्या मऊ पडलेल्या. साध्या फ्रिजचा थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यातली हवा मोजतो. गॅरेजच आधी थंड असल्याने कॉम्प्रेसर चालूच होत नाही आणि वरचा फ्रीझर विरघळतो. महिन्याभराचं अन्न टाकावं लागलं आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हा जास्तीचा फ्रीझर घ्यायचाच असेल तर तळघरात, आणि छोटा घ्या. वीज गेली तर दार उघडून बघू नका. भरलेला फ्रीझर बंद दाराने ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४, खालचा फ्रिज चारच तास.

बेगमी भरायचे दिवस इथे जुलै ते सप्टेंबर. सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात मंग (Hmong, म्हणजे आग्नेय आशियातून येऊन इथे वसलेल्या समाजाच्या) शेतकऱ्यांकडे कारली, चवळीच्या लांब शेंगा, तिखट मिरच्या, कोथिंबीर ढिगाने असते. कोथिंबीर-मिरची-लसणाचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ऑगस्टमधला मक्याचा दाणा उकळत्या पाण्यातून काढून ठेवलात तर जानेवारीत त्याची उसळ करताना तुम्हाला स्वतःचंच कौतुक वाटेल. कपाटात वाइल्ड राइसही ठेवा. १९७७ पासून ते या राज्याचं अधिकृत धान्य आहे, त्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी असलेले ओजिब्वे लोक ते तळ्यांतून काढत आले आहेत. शिजायला पाऊण तास लागतो, पण मसालेभातात मूठभर मिसळलं तर फार छान लागतं.

आणि इथल्या लोकांकडेही शिका. आमच्या मुलीच्या जन्मानंतर शेजारच्या आजींनी हॉटडिश आणून दिलं होतं, शाकाहारी, खास आमच्यासाठी: मशरूम सूपचा डबा, गोठवलेल्या भाज्या, वर बटाट्याचे टेटर टॉट्स, सगळं ओव्हनमध्ये भाजलेलं. त्यांच्या आईचीही कृती कपाट आणि फ्रीझरमधूनच आलेली. मी त्यात आता आलं-मिरची आणि जिरं घालते.

विद्यार्थ्यांना एक वेगळं सांगायचं आहे. पहिला पगार किंवा स्टायपेंड यायच्या आधी हातात पैसे नसतात. इथे गरजूंना धान्य देणाऱ्या केंद्राला फूड शेल्फ म्हणतात, आणि अनेक विद्यापीठांच्या आवारात विद्यार्थ्यांसाठी असं केंद्र असतं. तिथे जाण्यात कमीपणा मानू नका. तिथला चण्याचा डबा धुऊन घ्या, कांदा, गोडा मसाला, चिमूटभर गूळ घाला. दोन वेळचं जेवण होतं.

भारतात जायच्या आधीचे पंधरा दिवस तर याच पद्धतीने काढा, फ्रीझर हलका करून निघा. निघताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर सगळं वितळण्याइतका वेळ वीज गेली नव्हती. तळाशी गेलं असेल तर मधल्या काळात सगळं वितळून परत गोठलंय, ते टाकून द्या. नाणं वर दिसलं की मग तुमच्या नावाने ठेवलेली पिशवी काढा. आमच्याकडे ती मुगाच्या डाळीच्या खिचडीची असते, दोन माणसांपुरती, महिना अक्षरांत लिहिलेली. विमानतळावरून रात्री अकराला घरी पोचून, कोट काढायच्या आधी मी ती पाण्यात ठेवते. बॅगा आत येईपर्यंत ती सुटलेली असते, तुपाची फोडणी द्यायची आणि बसायचं जेवायला.