सायटेशन मोजण्याआधी नाव शोधा

सांगलीत नुसतं ‘पाटील’ टाइप करून शास्त्रज्ञ शोधायला बसलात, तर दिवस मावळेल पण हवं ते माणूस सापडणार नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी वीस वर्षं प्राध्यापकांच्या शोधनिबंधांची आणि सायटेशनची, म्हणजे दुसऱ्या निबंधांत त्यांना दिलेल्या संदर्भांची, मोजदाद करतेय. घोळ आकड्यांत कमी आणि नावात जास्त असतो.

मागच्या वर्षी फार्मसीच्या एक मॅडम बढतीचा फॉर्म घेऊन आल्या. करंज आणि सीताफळाच्या बियांचे अर्क हा त्यांचा विषय. काही पेपर औषधशास्त्रातले, काही त्याच अर्कांच्या डासांच्या अळ्यांवरच्या परिणामाचे, म्हणजे कीटकशास्त्रातले. पेपर 15, पण स्कोपस, म्हणजे शोधनिबंध आणि त्यांची सायटेशन नोंदवणारी ऑनलाइन यादी, 6च दाखवत होतं. त्यांचं काम जसं केलं तसंच सांगते.

आधी संगणक बंद ठेवा आणि वही घ्या. आपलं नाव आजवर कसंकसं छापलं गेलं ते सगळं लिहा. लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं, मधे वडिलांचं नाव, मग नवऱ्याचं, कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं. मॅडमची पाच रूपं निघाली. मशीनच्या लेखी त्या पाच वेगळ्या बायका. आपल्याकडे बायकांचं संशोधन असं तुकड्यातुकड्यांत पडून राहतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

मग ऑर्किड काढा. संशोधकाची ओळख सांगणारा 16 अंकी क्रमांक, फुकट, 2012पासून सुरू आहे. त्यात इतर नावांची जागा असते, तिथे पाचही रूपं भरा आणि प्रत्येक पेपर त्याच्या डीओआय, म्हणजे त्या पेपरच्या कायमच्या ओळखक्रमांकाने जोडा. स्कोपसमध्ये लेखकाचा शोध फुकट घेता येतो. आपल्या नावाची दोन-तीन खाती दिसली तर ती एकत्र करण्याची विनंती तिथूनच पाठवा. गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या सेवेवर महाविद्यालयाच्या ईमेलने प्रोफाइल उघडा, मात्र ‘आपोआप पेपर जोडा’ ही सोय बंद करा. नाहीतर दुसऱ्याच कुणाचे पेपर तुमच्या नावावर चढतात, आणि मुलाखतीत त्याची उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. एकच पेपर दोनदा दिसला तर दोन्हींवर खूण करून एकत्र करा.

आता मोजणी. एच-इंडेक्स ही कल्पना होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली मांडली. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडा. समजा आकडे असे आहेत: 41, 22, 17, 9, 8, 6, 5, 3, 2, 1, 1 आणि पुढे शून्य. वरून मोजत या. सहाव्या पेपरला 6, ठीक. सातव्याला 5, म्हणजे तिथे थांबा. एच-इंडेक्स 6, म्हणजे निदान सहा सायटेशन असलेले सहा पेपर. दहा किंवा जास्त सायटेशनचे पेपर तीन, म्हणून आय-10 इंडेक्स 3. एकदा हाताने केलंत की कुणी फुगवलेला आकडा लगेच ओळखू येतो. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळून किती उरतात तेही बघा. स्कोपसमध्ये ती सोय आहे, स्कॉलरमध्ये नाही.

स्कॉलरचा आकडा मोठाच येतो, कारण त्यात प्रबंध, पुस्तकं, सगळं धरतात. फॉर्मवर कुठला आकडा कुठून घेतला ते लिहाच. दोन ठिकाणचे आकडे एका ओळीत मिसळणं मला चालत नाही.

बढतीच्या समितीला समजावून सांगायला सगळ्यात अवघड गोष्ट पुढेच आहे. औषधशास्त्रात लिहिणारे पुष्कळ आणि संदर्भही पटापट दिले जातात. कीटकशास्त्राची चाल संथ. वर्गीकरणाचं काम करणाऱ्यांचे तर हालच. एखाद्या किडीच्या शास्त्रीय नावापुढे ‘लिनियस, 1758’ असं, म्हणजे नाव ठेवणारा शास्त्रज्ञ आणि त्याच्या ग्रंथाचं साल, सगळे लिहितात, पण शेवटच्या संदर्भयादीत तो ग्रंथ बहुतेक कुणी घालत नाही, मग सायटेशन पडणार कुठून? उलट एखादी पद्धत सांगणाऱ्या पेपरांचं बघा. औषध न घातलेल्या पाण्यातही काही अळ्या मरतात. ती मरतूक हिशेबातून काढायचं ॲबटचं सूत्र 1925 सालचं, आणि मॅडमच्या अळ्यांवरच्या प्रत्येक पेपरात आजही त्याचा संदर्भ आहे. म्हणून मी त्यांच्या यादीचे दोन भाग केले, औषधशास्त्र वेगळं, कीटकशास्त्र वेगळं. कीटकशास्त्रातल्या 9 सायटेशनची तुलना त्याच विषयातल्या, त्याच सुमाराच्या पेपरांशीच करायची.

शेवटी एक रकाना मी माझ्यातर्फे घालते, ‘वापर कुठे झाला’. 2002 साली आपल्या भागात उसावर लोकरी मावा ही कीड आली. पानं खालून पांढरी, वरून काळी बुरशी. त्यावर डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे मित्रकीटक उपयोगी पडले. ते शेतकऱ्यांना सांगणारी मराठी पत्रकं माझ्या वडिलांनी गोठ्याच्या भिंतीवर चिकटवली होती. त्या पत्रकांना कुठल्याही यादीत एकही सायटेशन नाही. तुमचं असं काही असेल, कृषी विभागाची सूचना, आकाशवाणी सांगलीवरचं भाषण, शाळेत दाखवलेली अळ्यांची बाटली, तर तारखेसह या रकान्यात भरा आणि कागद मागे जोडा. मॅडमच्या फॉर्मला असे चार कागद जोडले. सायटेशनच्या आकड्यांखाली मात्र ते ज्या दिवशी बघितले ती तारीख टाका, पुढच्या महिन्यात ते बदललेले असतात.