ऑफर आली, पण साहेबांना तोंड कसं दाखवू?

विमान मेंटेनन्समधल्या तरुण इंजिनिअरांनो, राजीनामा लिहायच्या आधी कपाटातला बॉण्ड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर रक्कम भरायचा करार, काढून वाचा. सही करताना तो कोणी वाचत नाही, माहीत आहे मला. मुदत कोर्सपासून मोजतात की ऑथरायझेशनपासून, म्हणजे दुरुस्तीनंतर विमान उडायला सही करून सोडायची परवानगी कंपनीने दिल्यापासून? महिने सरतील तशी रक्कम कमी होते, की शेवटपर्यंत पूर्ण भरावी लागते? 'कोर्टात काही टिकत नाही' म्हणणारे कॅन्टीनमध्ये भेटतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा 2 लाखांचा बॉण्ड वैध ठरवला, हे त्यांना सांगा. नवी कंपनी ही रक्कम भरणार असेल तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, एचआरच्या फोनवर विसंबू नका.

मी मुंबईत लाइन मेंटेनन्सला, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या तपासणी-दुरुस्तीला, एअरबस ए-320 वर बी-वन (इंजिन आणि विमानाच्या सांगाड्याचं लायसन्स असलेला) इंजिनिअर आहे. माझ्याकडे येणाऱ्या पोरांचा पेच बहुतेक वेळा पैशांचा नसतो. "सर, ज्यांनी शिकवलं त्यांना काय सांगू?" इथे गाडं अडतं. ज्या सीनियरने रात्री तीन वाजता शेजारी उभं राहून बोरोस्कोप (इंजिनच्या आत बघायचा कॅमेरा) कसा धरायचा ते दाखवलं, त्याचे उपकार खरेच. ते कंपनी बदलल्याने बुडत नाहीत. कंपनीशी हिशेब मात्र करार, पगार आणि नोटीस एवढाच. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली, तेव्हा पगार थकलेला असूनही कामावर येणारी माणसं तिथे होतीच. 2023 च्या मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी थांबली, तीही कुणाची निष्ठा कमी पडली म्हणून नव्हे.

आता ऑफरकडे बघा. लायसन्स तुमच्या नावावर असतं, पण विमान रिलीज करायचं ऑथरायझेशन कंपनीचं. ते राजीनाम्याबरोबर संपतं. नव्या जागी ते किती महिन्यांत मिळेल आणि तोवर पगार कुठला, हे थेट विचारा. मग इंजिन. ए-320 च्या निओ या नव्या प्रकाराला लीप इंजिनही येतं आणि प्रॅटचं पीडब्ल्यू 1100जीही. तुमच्या लायसन्सवर एक आणि नव्या फ्लीटला दुसरं असेल, तर पुन्हा कोर्स आणि बहुधा पुन्हा बॉण्ड! प्लॅनिंगची खुर्ची मिळत असेल तर लायसन्सवर सही करत राहायला लागणारी, दोन वर्षांत सहा महिन्यांच्या मेंटेनन्स अनुभवाची अट डोक्यात ठेवा. आखातात जाणार असाल तर तिथल्या प्राधिकरणाची मान्यता वेगळी घ्यावी लागते, त्याचा वेळ आणि खर्च आधी धरा.

पगार दुप्पट पण ऑथरायझेशनचं गोलमाल उत्तर, अशा ठिकाणी मी तरी जाणार नाही.

जायचं ठरलंच, तर लॉगबुकवरच्या, म्हणजे तुमच्या कामाच्या अनुभवाच्या नोंदवहीवरच्या, राहिलेल्या सह्या आधी घ्या. राजीनाम्यानंतर क्वालिटीवाले अचानक फार बिझी होतात. ईमेल पाठवण्यापूर्वी शिफ्ट इनचार्जना समोर बसून सांगा, त्यांना ते दुसऱ्याकडून कळता कामा नये. नोटीसचा काळ पूर्ण भरा. 2023 मध्ये अकासा एअरचे काही पायलट नोटीस न भरता गेले आणि प्रकरण कोर्टात पोचलं.

शेवटच्या आठवड्यात टूल क्रिबचं (हत्यारं देणाऱ्या स्टोअरचं) क्लिअरन्स स्वतः उभं राहून घ्या. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, अडकतो तो बऱ्याचदा कुणाला तरी दिलेल्या एखाद्या टॉर्चपायी.